लीगच्या सामन्यात लंडन, सहाव्या पटावरून

मी स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या क्लबातर्फे खालच्या वर्गाची लीग खेळतो. मूळचा सांगलीचा, त्यामुळे बुद्धिबळ येत असणारच असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात आठ जणांच्या संघात, पट जोराच्या क्रमाने लागतात त्यात, माझा पट सहावा. आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी खेळायला बसणाऱ्याने पांढऱ्याकडून काय खेळावं, तेवढं सांगतो.

आधी रंग बघा. इथे यजमान संघाला विषम पटांवर काळी मोहरी असतात. म्हणजे आमच्याकडे सामना असला की सहाव्या पटाला पांढरी, आणि तयारी एकाच रंगाची करायची. फक्त वरचा कोणी आजारी पडला की खालचे सगळे एक पट वर सरकतात आणि शनिवारची रात्र पाण्यात जाते. दोनदा झालंय.

मी लंडन नावाची ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, खेळतो. १९२२च्या लंडनच्या स्पर्धेवरून हे नाव पडलं. क्लबातले जुने लोक त्याला म्हाताऱ्यांची ओपनिंग म्हणतात. म्हणू देत. २०२३मध्ये अस्तानाला डिंग लिरेनने जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव यानेच जिंकला.

डी४, उंट एफ४, मग ई३ (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल). हा क्रम सोडू नका, कारण ई३ आधी झालं तर उंट आतच कोंडतो. पुढे सी३, घोडा डी२, दुसरा घोडा एफ३, उंट डी३. काळ्याने डी४ वर मारलं तर ई प्याद्यानेच परत घ्या, हत्तीला ई पट्टी मोकळी होते.

खरी अडचण आहे काळ्याचं सी५ आणि पाठोपाठ वजीर बी६. एफ४ वर गेलेल्या उंटाने बी२ उघडं टाकलेलं असतं. उत्तर सोपं, वजीर बी३. तो सी४ ढकलतो, आपण वजीर सी२ ला नेतो. गेल्या हंगामात इथवर मी झरझर खेळलो आणि कॉफी आणायला उठलो. परत येतो तर समोरच्याने उंट एफ५ ला, थेट माझ्या वजिरासमोर ठेवलेला! फुकटचा म्हणून मी मारला. त्याने वजिराने बी२ घेतलं आणि कोपऱ्यातला हत्ती अडकला. माझा घोडा अजून बी१ वरच होता ना. आधी हत्ती गेला, मग घोडा. सामना साडेतीन-साडेचार असा हरलो. कर्णधार काही बोलला नाही, केकची बशी तेवढी माझ्यापासून लांब सरकवली.

म्हणून एफ३ च्या घोड्याआधी डी२ चा घोडा काढा. तो बाहेर असेल तर तोच उंट बिनधास्त मारा. त्याने बी२ घेतलं की वजीर एफ५ वरून सरळ बी१ ला परत. हत्ती राखला गेला, एक उंट जास्तीचा. घोडा बी१ वरच असेल तर मात्र एफ५ ला हात लावू नका, वजीर गुपचूप सी१ ला न्या.

काळ्याने उंट डी६ ला आणला तर मारामारी करू नका. आपला उंट जी३ ला घ्या आणि त्यालाच मारू द्या. मग एच प्याद्याने परत घ्यायचं. आपण अजून कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं) केलेलं नसेल तर एच१ चा हत्ती एच७ वर रोखलेला राहतो, डी३ चा उंटही तिकडेच बघतो. घोडा ई५ ला, मागे एफ४ चं प्यादं. आमच्या वर्गात इथे समोरचा पहिल्यांदा वीस मिनिटं विचार करत बसतो.

बरोबरीची ऑफर आली तर आधी कर्णधाराला विचारा, मग हात पुढे करा. आणि कॉफी समोरच्याची चाल बघून झाल्यावर.