कोकणातल्या रस्त्यांसाठी मोटरसायकल निवडताना आणि तिचे इंजिन रुळवताना

कोकणात नवी मोटरसायकल घेणाऱ्याने सीसी आणि एव्हरेज विचारण्याआधी आपल्या घरापासून तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता नीट आठवून पाहावा. रत्नागिरी असो वा सिंधुदुर्ग, किनाऱ्यालगतचा रस्ता खाडीच्या पातळीवरून सुरू होतो, काही अवघड वळणांत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो, थोडा वेळ सपाट धावतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली उतरतो. अशा रस्त्यावर गाडीचा कमाल वेग किती हा प्रश्न जवळपास निरर्थक असतो. मागे माणूस आणि पुढे टाकीवर सामान घेऊन ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, धाप न लागता किती सहज चढते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून माहितीपत्रकात अश्वशक्तीपेक्षा टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा पाहावा, आणि तो किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो हेही पाहावे. जास्तीत जास्त टॉर्क जितक्या कमी आरपीएमला मिळेल, तितका चढावर गिअर कमी बदलावा लागतो.

एकट्याने शाळा, बँक, बाजार इतकीच ये-जा असेल, तर ९७.२ सीसीची स्प्लेंडर किंवा तिच्या वर्गातली कोणतीही गाडी पुरते. तिचे वजन सुमारे ११२ किलो असल्याने ती पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) तोंडाशीही हाताने वळवता येते. नेहमी दोघे बसणार असतील, तर १२५ सीसीचा वर्ग कोकणासाठी अधिक समंजस निवड आहे. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटाने वरचेवर देशावर जाणे असेल, तर १५० ते २०० सीसीचा विचार करावा. ३५० सीसीची बुलेट चढाला दमत नाही हे खरे, पण तिचे जवळपास १९५ किलो वजन ओल्या उतारावर मागे ढकलून पाहावे आणि मगच बुकिंग करावे. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले फेरीबोटीवर गाडी चढवण्याचा प्रसंग येणार असेल, तर आणखी एक चाचणी शोरूममध्येच करावी. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात का, ते बसून बघावे. ओहोटीला बोटीचा लोखंडी उतार ओला असतो, शेजारी शेवाळ असते, आणि तिथे केवळ बोटांवर तोललेली उंच गाडी आडवी व्हायला निमित्तच लागते.

चाके आणि साखळी यांकडे गिऱ्हाईक सहसा शेवटी पाहते, पण खाऱ्या हवेत त्यांना पहिले महत्त्व आहे. तारांची चाके देखणी असतात. मात्र तारा आणि त्या रिमला आवळणारे निपल गंजतात, आणि त्यांत बहुधा ट्यूब असल्याने सड्यावर पंक्चर झाले तर मैलभर गाडी ढकलण्याची पाळी येते. अलॉय चाक आणि ट्यूबलेस टायर हाच इथला शहाणा पर्याय आहे. साखळीवर पूर्ण झाकण असलेल्या गाडीला काही जण जुनाट म्हणतात. पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल साखळीत कसा बसतो हे पाहिलेला माणूस मात्र तसे म्हणत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जखडू न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले आणि १२५ सीसी व त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस (एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा). निसरड्या रस्त्यासाठी मोठी गाडी घेण्याचे हे एक रास्त कारण ठरू शकते. स्कूटरच्या बाबतीत एवढेच ध्यानात घ्यावे की तिची लहान चाके खड्ड्यांत अधिक आपटतात आणि लांब उतारावर इंजिनचा आधार फारसा मिळत नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो.

गाडी ताब्यात घेताना चासी क्रमांकाच्या जवळच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना पाहावा. पावसाळाभर गोदामात उभी राहिलेली गाडी असेल, तर सायलेन्सरचे नट, हँडलची टोके आणि डिस्कच्या कडा उजेडात तपासाव्यात. खरेदीला मुहूर्त हवाच असेल, तर दसरा-दिवाळीचा मुहूर्त कोकणात सर्वांत सोयीचा असतो, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे मिळतात.

आता इंजिन रुळवण्याविषयी, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी नीट जुळेपर्यंत ते जपून चालवण्याविषयी. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरकस रेघा मारलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकते, आणि त्यांच्या कडांवर घासून पिस्टनच्या (सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) रिंगा भिंतीशी तंतोतंत जुळतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्यामागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने, केवळ तिच्या स्वतःच्या ताणाने नव्हे. त्यामुळे इंजिनावर अजिबात भार न देता, वीस-पंचवीसच्या वेगाने आठवडाभर गाडी कुरवाळत चालवली, तर रिंगा नीट बसण्याऐवजी भिंतीवर चकचकीत थर चढतो आणि पुढे ऑइल जळण्याची कटकट मागे लागते. उलट पहिल्याच दिवशी एक्सलेटर शेवटपर्यंत पिळला, तर न जुळलेले भाग अतितापतात. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे मध्यम भार, आणि तोही सतत बदलता. आपला चढ-उताराचा रस्ता नेमके हेच करवून घेतो. चढावर वायूचा दाब रिंगांना भिंतीशी टेकवतो. उतारावर एक्सलेटर सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली, की सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन ऑइल वर ओढले जाते आणि घासलेला बारीक चुरा धुतला जातो. सपाट मुलखातल्या माणसाला जे मुद्दाम करावे लागते, ते इथे आपोआप घडते.

पण यासाठी गिअर योग्य हवा. नवी गाडी सांभाळायची म्हणून चढावर वरच्या गिअरमध्येच धडधडत रेटत राहणे, हा या भागातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. कमी आरपीएमवर एक्सलेटर जास्त उघडला, तर ऑइलपंपाचा दाब कमी असताना पिस्टनवर मात्र पूर्ण जोर येतो, आणि हा जोर बेअरिंगना जास्त आरपीएमपेक्षाही वाईट असतो. हँडलमध्ये ठोके जाणवू लागण्याआधीच एक गिअर खाली घ्यावा आणि इंजिनला मोकळेपणाने फिरू द्यावे. पहिले ३०० किलोमीटर एक्सलेटर साधारण अर्ध्यापेक्षा जास्त उघडू नये. त्यानंतर गरम झालेल्या इंजिनाला अधूनमधून काही सेकंद पाऊण एक्सलेटरपर्यंत न्यावे आणि लगेच सोडून द्यावे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरसाठी मर्यादा दिलेली असते. तिच्यात आणि मेकॅनिकच्या सल्ल्यात फरक पडला, तर वॉरंटी पुस्तिकेवर चालते हे विसरू नये. सुरुवातीपासून गाडी जोरात हाकावी असे सांगणारा एक पंथ आहे. भार हवा इतपत त्याचे म्हणणे खरे आहे, पण त्यासाठी कमाल वेगाची काहीही गरज नाही.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे. दहा मिनिटे अंगणात धूर काढत उभे राहू नये, आणि सुरू होताच समोरची घाटी चढायलाही निघू नये. घर चढाच्या पायथ्याशी असेल, तर आधी सपाट भागात एक फेरी मारून यावे. मुंबईत गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात गणपतीला गावी आणण्याचा मोह चाकरमान्यांना होतो. त्यात गैर काही नाही, पण महामार्ग ६६ वर तासन्‌तास एकाच वेगाने धावणे हे रिंगांसाठी सर्वांत निरुपयोगी चालवणे आहे. वेग दर काही मिनिटांनी खालीवर करावा, तासाभराने चहाला थांबून इंजिन निवू द्यावे, आणि मागे माणूस न घेता एकट्यानेच यावे. नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जायला आणि ब्रेकचे पॅड डिस्कशी जुळायलाही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर लागतात, म्हणून तोवर ओल्या वळणांवर गाडी झुकवू नये.

ऑइलची पातळी दर तीन-चार दिवसांनी पाहावी, मात्र ती सपाट जागीच कळते. उतरत्या रस्त्याच्या कडेला पाहिलेली पातळी हमखास फसवते, म्हणून गाडी घरासमोरच्या सारवलेल्या खळ्यात सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी इंजिनवरची पातळी दाखवणारी काच किंवा ऑइलची पट्टी बघावी. १०० ते १२५ सीसीच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असते, त्यामुळे थोडी घटही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. मोटारकारचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून घालू नये. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि मोटारकारच्या ऑइलातल्या घसरणी वाढवणाऱ्या द्रव्यांनी तो निसटू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानक-खूण) असे छापलेले असावे, आणि ग्रेड पुस्तिकेत असेल तीच घ्यावी.

समुद्रालगत फिरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी त्यासाठी वापरू नये. प्लॅस्टिकचे कव्हर घट्ट बांधले, तर आत दमट हवा कोंडून गंज उलट लवकर चढतो, तेव्हा पडवीत उघडी ठेवलेली गाडी बरी.

पहिली सर्व्हिसिंग किलोमीटर किंवा दिवस, जे आधी भरेल त्याप्रमाणे करावी आणि ती कधीही पुढे ढकलू नये. शक्य असल्यास ऑइल काढताना स्वतः उभे राहावे. ट्रेमधल्या ऑइलवर उन्हात चंदेरी झाक दिसली तर घाबरू नये, ती रुळण्यातून निघालेली बारीक धातूपूड असते. बोटाला टोचणारे कण लागले, तर मात्र तिथेच मेकॅनिकला दाखवून जॉबकार्डवर तशी नोंद करून घ्यावी. ऑइलबरोबर फिल्टर किंवा जाळी साफ झाली का, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासले का, साखळीचा ताण आणि सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळले का, हे नावानिशी विचारावे. त्यानंतरच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये वेगाची मर्यादा थोडी थोडी सैल करत जावी, आणि ती पूर्ण उठल्यावरच दोघांना बसवून घाट चढावा.