फ्रिगेटच्या सुट्या भागांच्या कामात नवीन असाल तर

या कामात नव्याने आलेली मुलं पार्ट नंबर घोकायला बसतात. माझं ऐकाल तर आधी जहाजाचं कूळ समजून घ्या. ते कुठल्या गोदीत बांधलं, इंजिन कुणाचं, एवढं माहीत असलं की कुठला भाग लवकर हाती येईल आणि कुठल्यासाठी डोळे लावून बसावं लागेल, याचा अंदाज कॅटलॉग न उघडताही येतो.

भारतीय नौदलाच्या फ्रिगेट युद्धनौकांचा तलवार वर्गच घ्या. तलवार, त्रिशूल, ताबर या सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीत बांधल्या, 2003-04 मध्ये दाखल झाल्या. तेग, तरकश, त्रिकंड 2012-13 मध्ये कालिनिनग्राडच्या यांतर गोदीतून आल्या. पहिल्या तिघींवर क्लब क्षेपणास्त्रं, पुढच्या तिघींवर ब्रह्मोस. त्यामुळे मागणीपत्रावर नुसतं 'तलवार वर्ग' लिहून भागत नाही.

आणि रशियन जहाज म्हणजे सगळं रशियन, असं तर मुळीच नाही! यांच्या गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्हमधल्या झोर्या-माशप्रोएक्टच्या. 2014 मध्ये क्रिमियावरून बिनसलं आणि युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं थांबवलं. रशियाच्या स्वतःच्या याच बनावटीच्या सहा फ्रिगेटपैकी तीनच पुऱ्या झाल्या. रखडलेल्यांपैकी दोन भारताने घेतल्या; टर्बाइनही आपणच युक्रेनकडून विकत घेऊन रशियाला पोचवल्या. त्या दोन म्हणजे डिसेंबर 2024 मध्ये दाखल झालेली तुशिल आणि जुलै 2025 मध्ये दाखल झालेली तमाल. माझगाव डॉकच्या शिवालिक फ्रिगेटवर मात्र अमेरिकन जीई कंपनीची एलएम 2500 टर्बाइन. तिच्यासाठी बेंगळुरूला एचएएलकडे जाता येतं. केवढा फरक!

रशियन मुळाक्षरं शिका. तेहतीसच आहेत, क्लास लावायची गरज नाही. ड्रॉइंग नंबरातलं त्यांचं 'एन' इंग्रजी 'एच'सारखं दिसतं, 'आर' दिसतं 'पी'सारखं. डोळ्यांना ते सारखंच, पण संगणकाला नाही. कुणी इंग्रजी कीबोर्डवरून 'एच' टाइप करून ठेवलं असेल, तर रॅकवर समोर पडलेला पंप सिस्टिममध्ये सापडत नाही. 'शिल्लक नाही' असा शेरा दिसला की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

भागासोबत आलेला 'पासपोर्ट', म्हणजे त्याची ओळख सांगणारे कागद, जपा. त्याशिवाय चांगला भागही तपासणीत अडकतो. रबरी सील आणि ओ-रिंगवर क्युअर तारीख, म्हणजे रबर पक्कं केल्याची तारीख, पाहा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. बेअरिंगचं वेष्टन 'जरा बघू' म्हणून फाडू नका. मुंबईच्या दमट हवेत घामट बोटाचा ठसा उमटला, की तिथेच गंज धरतो.

कॅनिबलायझेशन, म्हणजे एका जहाजाचा भाग काढून दुसऱ्यावर बसवणं, अडीनडीला करावंच लागतं. तेव्हा नोंद दोन्हीकडे करा आणि काढलेल्या जागेची नवी मागणी त्याच दिवशी घाला. उद्यावर टाकलेली मागणी रिफिटच्या, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या, यादीतच उगवते, आणि तोवर तो भाग कुणी नेला हे सांगणारा माणूस बदलून गेलेला असतो.