मिडी चॅनेल आणि नोटचे रंग: या चुका टाळा

पियानो रोलमध्ये, म्हणजे नोट्स आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणाऱ्या खिडकीत, रंगीत नोट्स दिसल्या की नवीन मंडळी ठरवून मोकळी होतात, की रंग वेगळा म्हणजे वाद्य वेगळं. मग एखादं वाद्य वाजेनासं होतं किंवा भलतंच वाजू लागतं, आणि खापर फुटतं साउंड लायब्ररीवर, नाहीतर ऑडिओ कार्डवर. मिक्सिंगला येणाऱ्या प्रोजेक्ट्समध्ये त्याच त्या चुका पाहून आता वैताग आलाय, म्हणून हे लिहितोय.

मिडी म्हणजे कुठली नोट, किती जोरात वाजवायची हे वाद्यांना आणि कॉम्प्युटरला सांगणारी संदेशांची भाषा. ती आली १९८३ साली. एका पोर्टवर, म्हणजे एका जोडणीवर, १६ चॅनेल असतात आणि प्रत्येक नोट आपल्या चॅनेलचा आकडा सोबत घेऊन जाते. समोरचं वाद्य आपल्या आकड्याच्या नोट्स वाजवतं, बाकीच्या सोडून देतं. रंगाला मिडीत जागाच नाही. तो दाखवतं तुमचं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा रिवाज वेगळा.

पहिली चूक, रंग कशाचा आहे हे न बघणं. रीपर या सॉफ्टवेअरच्या एडिटरमध्ये मुळात रंग असतो व्हेलॉसिटीचा, म्हणजे नोट किती जोरात वाजली त्याचा. हवा असेल तर तो चॅनेलप्रमाणेही लावता येतो. क्यूबेसमध्येही व्हेलॉसिटी, पिच, चॅनेल यांतलं काय रंगात दिसावं ते निवडता येतं. कोणाचंही प्रोजेक्ट उघडलं की मी सगळ्यात आधी ही सेटिंग चॅनेलवर आणतो. व्हेलॉसिटी खालच्या पट्ट्यांच्या उंचीवरून कळतेच, तिच्यासाठी रंग कशाला खर्च करायचा?

एफएल स्टुडिओत रंगाने सजावट करणं. इथे मात्र रंगाला खरंच काम आहे. नोटसाठी १६ रंग आहेत आणि ते १६ चॅनेलशी जोडलेले आहेत. अनेक वाद्यं एकत्र घेणाऱ्या प्लगइनला, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्याच्या प्रोग्रॅमला, रंग हाच चॅनेल म्हणून पोहोचतो. मुखडा हिरवा, अंतरा जांभळा असं हौसेने रंगवलं, की अंतऱ्यात वाद्य गप्प. कारण ते ऐकतंय १ नंबरवर आणि अंतरा चाललाय दुसऱ्याच नंबरवर. 'मिडी आउट'मधून बाहेरचा कीबोर्ड वाजवत असाल तर रंगावरून चॅनेल ठरवायचा पर्याय तिथे चालू आहे का, तेही बघा.

त्यातही मींडेची अडचण वेगळी. एफएलची स्लाइड नोट फक्त आपल्याच रंगाच्या नोट्सना ओढते. मींड ठळक दिसावी म्हणून स्लाइडला वेगळा रंग दिलात की मूळ नोट जागची हलत नाही. शिवाय स्लाइड चालते ती एफएलच्या स्वतःच्या वाद्यांवर. बाहेरच्या प्लगइनला पिच बेंडच, म्हणजे सूर वर-खाली वाकवणारा संदेशच, द्यावा लागतो. मुखडा-अंतरा वेगळे दाखवायचे असतील तर पॅटर्नला नाव द्या, प्लेलिस्टमध्ये रंग द्या. नोट्सना हात लावू नका.

पिच बेंड आणि पेडल कुठल्या चॅनेलवर गेलं ते न तपासणं. या चुकीने लोकांच्या रात्री वाया जातात. पिच बेंड आणि नोट लांबवणारं सस्टेन पेडल एका नोटचे नसतात, अख्ख्या चॅनेलचे असतात. त्या चॅनेलवर जे काही वाजत असेल ते सगळं वाकणार.

एका मुलाने अभंगाची अरेंजमेंट आणली होती. कोन्टॅक्ट या प्लगइनमध्ये चॅनेल १ वर पेटी, २ वर बासरी. गायक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते आणि ध्रुवपदाला पेटी ढळत होती. पेटीतून मींड! पेटीचे सूर जागच्या जागी पक्के, तिच्यातून मींड निघतच नाही, त्यामुळे सवयीच्या कानाला ते लगेच खटकतं. बासरी मात्र काठीसारखी सरळ. पोराने लायब्ररी काढून पुन्हा टाकली होती, पेटीचा दुसरा आवाज घेतला होता, ट्यूनिंगचा नॉबही हलवून ठेवला होता. "नोट्सचे रंग बरोबर आहेत, दादा," हे पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि नोट्स बरोबरच होत्या. मी इव्हेंट लिस्ट, म्हणजे सगळ्या मिडी संदेशांची यादी, उघडली. बासरीच्या नोट्ससमोर चॅनेल २ आणि त्यांच्या मधोमध पिच बेंडच्या ओळी, सगळ्या चॅनेल १ वर. बेंड काढताना एडिटरमध्ये चॅनेल १ निवडलेला राहिला होता, त्यामुळे बासरीची मींड पेटीला गेली. त्या ओळी निवडून २ वर टाकल्या आणि बासरी बोलायला लागली. त्याने हलवलेलं ट्यूनिंग जागेवर आणायला मात्र त्याहून जास्त वेळ गेला.

म्हणून सांगतो, चित्र बघत बसू नका, इव्हेंट लिस्ट वाचा. ती कंटाळवाणी असते, म्हणून कोणी उघडत नाही, पण खरं तिथेच दिसतं. बेंड संपल्यावर परत मध्यावर येतंय का तेही तिथेच बघा. मध्य म्हणजे ८१९२, काही ठिकाणी ० दाखवतात. परत आलं नसेल तर पुढची प्रत्येक नोट बेसूर.

सगळं 'ओम्नी'वर टाकणं. ओम्नी म्हणजे वाद्य सगळे चॅनेल ऐकणार. एकटं वाद्य चाचपून बघायला ठीक आहे. अनेक वाद्यांच्या रॅकमध्ये हा शॉर्टकट वापरलात तर बासरीची ओळ सतारही वाजवेल. दोन मिनिटं वाचवायला हा उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

चॅनेल १० वर पेटी ठेवणं. जनरल मिडी या ठरलेल्या मानकात १० हा तालवाद्यांचा चॅनेल आहे. तिथे सुरावट टाकलीत की ड्रम किट वाजणार. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कोडमध्ये मोजणी ० पासून होते, त्यामुळे तिथे तो ९ असतो.

एमपीईच्या नोट्स 'साफ' करणं. एमपीई या मिडीच्या पद्धतीत प्रत्येक नोटला वेगळा चॅनेल मिळतो, म्हणूनच प्रत्येक नोट स्वतंत्रपणे वाकते. चॅनेलप्रमाणे रंग लावले की इंद्रधनुष्य दिसणारच. पसारा वाटला म्हणून सगळं १ वर आणलंत तर वाजवणाऱ्याचं बोटांचं काम गेलं.

एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये नोटचा चॅनेल शोधणं. लाइव्हच्या साध्या मिडी क्लिपमध्ये तो नसतोच. चॅनेल ट्रॅकच्या आउटपुटला निवडा.

गाणं चालू असताना चॅनेल बदलणं. नोट सुरू झाली १ वर आणि बंद करायचा संदेश गेला २ वर, तर १ वरची नोट चिकटून राहते. सगळ्या नोट्स बंद करणारं पॅनिकचं बटण दाबा. ते नसेल तर त्या चॅनेलवर कंट्रोलर १२३ (सगळ्या नोट्स बंद करा हा संदेश) पाठवा. पेडल दाबलेलं राहिलं असेल तर पेडलच्या कंट्रोलर ६४ ला ० द्या. आणि पुढच्या वेळी आधी गाणं थांबवा, मग चॅनेल बदला.