‘किंग लिअर’ पडद्यावर आणताना : मूळ शोकांतिकेशी इमान कसे राखावे

रंगभूमीवरची शोकांतिका चित्रपटात आणताना संवाद गळण्याचा धोका असतोच. पण त्याहून मोठा धोका असतो तो नाटककाराने मुद्दाम डोळ्यांआड ठेवलेल्या गोष्टी कॅमेऱ्याने सहज उघड्या करण्याचा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये, म्हणजे राज्य मुलींत वाटून पस्तावणाऱ्या म्हाताऱ्या राजाच्या शोकांतिकेत, हा धोका जागोजागी आहे, म्हणून पटकथेची रीत समजावून घेण्यासाठी हेच नाटक समोर ठेवणे मला योग्य वाटते.

पहिले काम संहिता निश्चित करण्याचे. हे नाटक १६०८ च्या क्वार्टोत (लहान आकाराची, या एकाच नाटकाची छापील प्रत) आणि १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) अशा दोन रूपांत उपलब्ध आहे. क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत, तर फोलिओतल्या सुमारे १०० ओळी क्वार्टोत नाहीत. वादळाच्या रात्री लिअर आपल्या मुलींवर भरवतो तो काल्पनिक खटला फक्त क्वार्टोत आहे. स्वतः मरताना तो मृत धाकट्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या, ओठांकडे बघा असे सांगतो, ते शब्द फक्त फोलिओत आहेत. अखेरचे भाषणसुद्धा एका प्रतीत लिअरचा जावई ऑल्बनी याच्या तोंडी आहे, तर दुसरीत ग्लॉस्टर या उमरावाचा मुलगा एडगर याच्या. यांपैकी एक प्रत आधाराला घ्यावी आणि दुसरीतून उचललेली प्रत्येक ओळ कारणासह पटकथेच्या वहीत नोंदवून ठेवावी. माझा कल फोलिओकडे आहे, कारण लिअर आशेत मेला की निराशेत, हा प्रश्न तिथे खुला राहतो आणि तो मिटवण्याचा अधिकार दिग्दर्शकाला नाही, असे मी मानतो.

चित्रपट मराठीत करायचा असेल, तर विंदा करंदीकरांचा १९७४ चा ‘राजा लिअर’ हा अनुवाद आपल्याकडे आहे. मूळ नाटकावर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नसला, तरी अनुवादावर तो असतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो आणि विंदांचे निधन २०१० साली झाले. तेव्हा हक्कधारकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पटकथेला हात घालू नये.

यानंतर काटछाट. संपूर्ण नाटक तीन तासांहून अधिक चालते. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक आणि सोव्हिएत दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांचे याच नाटकावरचे १९७१ चे दोन्ही चित्रपट मात्र सुमारे सव्वादोन तासांचे आहेत. वेळ वाचवण्यासाठी ग्लॉस्टर आणि त्याच्या मुलांचे उपकथानक उडवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण लिअरच्या मनावर जे ओढवते तेच ग्लॉस्टरच्या शरीरावर ओढवते आणि एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ अपुरा राहतो. कात्री लावायची ती स्थळ, वेळ आणि हवामान सांगणाऱ्या ओळींना, कारण ती माहिती चित्रातून मिळते. तसेच फ्रान्सच्या स्वारीच्या तपशिलांनाही. याउलट, ग्लॉस्टरचे डोळे काढले जात असताना लिअरचा दुसरा जावई कॉर्नवॉल याच्यावर तलवार उपसणारा बिननावाचा नोकर कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. क्वार्टोत त्यानंतर दोन नोकर त्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावायला अंड्याचा पांढरा बलक आणायचे ठरवतात. ब्रुकने आपल्या १९६२ च्या नाट्यप्रयोगात त्यांची ही करुणा कापली होती. त्या प्रयोगाचे मोठेपण मान्य करूनही हा निर्णय मला पटत नाही. फोलिओ आधाराला घेतली, तरी या ओळी मी उसन्या घेईन.

आता सर्वांत अवघड प्रसंग. जीव द्यायला निघालेल्या आंधळ्या ग्लॉस्टरला एडगर ओळख न देता डोव्हरच्या समुद्रकाठच्या कड्यावर नेत असल्याचे सांगतो आणि खाली दिसणारे कावळे, कोळी, जहाजे यांचे वर्णन करतो. शेक्सपिअरच्या काळी कडा असो वा सपाट जमीन, दोन्ही त्याच मोकळ्या मंचावर शब्दांनी उभी राहत. त्यामुळे ग्लॉस्टर उडी घेईपर्यंत प्रेक्षकालाही खात्री नसे. चित्रपटात एकच दूरदृश्य घेतले की सपाट माळ दिसतो आणि ग्लॉस्टर केवळ फसवला गेलेला म्हातारा ठरतो. म्हणून या प्रसंगात क्षितिज चौकटीत येऊ देऊ नये, कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांजवळ आणि पावलांजवळ ठेवावा, समुद्राचा आवाज नसावा (नाटकात ग्लॉस्टरलाही तो ऐकू येत नाही), आणि माळ दाखवायचाच तर तो ग्लॉस्टर पडल्यानंतर दाखवावा.

हाच नियम मृत्यूंना लावावा. ग्लॉस्टरचा मृत्यू आपल्याला एडगरच्या निवेदनातूनच कळतो आणि कॉर्डेलियाची फाशी आपण पाहत नाही. तिला मारण्याचा हुकूम देणारा ग्लॉस्टरचा दुसरा मुलगा एडमंड उशिरा कबुली देतो, निरोप्या धावतो, ती वाचेल असे वाटत असतानाच लिअर तिला हातांवर घेऊन येतो. तुरुंगातला दोर आधी दाखवला, तर ही आशा मरते आणि उरते ती फक्त दुःखद बातमी.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा निर्णय घ्यायला भाग पाडतो. लिअरचे १०० सरदार खरोखरच दांडगाई करतात का? त्याची थोरली मुलगी गॉनरिल हो म्हणते, लिअर नाही म्हणतो, आणि रंगमंचावरच्या मोजक्या माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. पडद्यावर ती माणसे दिसणारच. त्यांना अगदी सभ्य दाखवल्यास मुली सरळ खलनायिका बनतात. धुडगूस घालताना दाखवल्यास लिअरचा संताप पोकळ ठरतो. दालनात गोंगाट आणि सांडलवंड असावी, पण कोणाला इजा होताना दिसू नये; तक्रारीत तथ्य आहे आणि सरदार काढून घेण्याची शिक्षा अवाजवी आहे, ही दोन्ही सत्ये एकत्र टिकली पाहिजेत.

वादळाच्या प्रसंगात ध्वनीचे नियोजन चित्रणाच्या आधी करावे. तिथे लिअरचे शब्द हेच मुख्य वादळ आहे. गडगडाट त्याच्या वाक्यांच्या मधल्या जागांत यावा, वाक्यांवर नव्हे. पावसाच्या यंत्रांमुळे जागेवरचा संवाद बहुधा निरुपयोगी ठरतो. म्हणून नटाचे श्वास ताजे असताना, त्याच दिवशी शांत खोलीत ती भाषणे पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्यावीत.

चित्रण क्रमाने होत नाही, पण लिअरचे मन पायरीपायरीने ढासळते. ब्रुक आणि कोझिन्त्सेव्ह या दोघांनीही चित्रपटापूर्वी हे नाटक रंगभूमीवर बसवले होते, आणि ब्रुकच्या प्रयोगात व चित्रपटात लिअर एकाच नटाने, पॉल स्कोफिल्डने, साकारला होता. तशी संधी नसेल, तर निदान संपूर्ण पटकथेच्या सलग तालमी कॅमेऱ्याविना घ्याव्यात. अखेरच्या प्रसंगासाठी तर त्या अनिवार्य आहेत. फोलिओत लिअर ‘never’ (कधीच नाही) हा एकच नकार पाच वेळा उच्चारतो आणि लगेच आपले बटण सोडवायची विनंती करतो. ते पाचही शब्द एकाच अखंड शॉटमध्ये घ्यावेत, मध्ये कोणाचाही रडवेला चेहरा आणू नये, आणि समीपदृश्य राखून ठेवावे ते बटणासाठी. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाट्यगृहात जे कधीच नीट दिसले नसेल, ते इथे कॅमेरा मुळाला धक्का न लावता दाखवू शकतो.