एमएपीपी घालूनही ताकद वाढत नसेल, तर वंगण तपासा

बडोद्यात लाकूड-प्लास्टिक कंपोझिटवर (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक वितळवून केलेल्या मिश्र मालावर) नव्याने काम करणारी मुलं भेटली की हीच तक्रार कानावर येते: कपलिंग एजंट, म्हणजे लाकूड आणि प्लास्टिक जोडणारा पदार्थ, घातला, तरी ताण-ताकद हलत नाही. इथे तो एमएपीपी असतो, म्हणजे मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन. लाकूड पाणी ओढतं, पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं, म्हणून ती एकमेकांना धरत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लगेच एमएपीपी ३ टक्क्यांवरून ५ वर नेऊ नका. माझा त्यात अख्खा उन्हाळा गेला, ती घालमेल अजून विसरलेलो नाही.

घात वंगणात होता. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातून मिळालेल्या फॉर्म्युल्यात, माल डायमधून (आकार देणाऱ्या साच्यातून) सहज सुटावा म्हणून झिंक स्टिअरेट होतं. एमएपीपीचं मॅलेइक अॅनहायड्राइडचं टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिल गटाला बांधलं जातं आणि त्याची लांब साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. झिंक स्टिअरेट त्याच टोकाला आधी गाठून त्याचा क्षार करतं, मग लाकडाशी बांधायला काही उरतच नाही. म्हणून धातूचं स्टिअरेट नसलेलं, एस्टर प्रकारचं वंगण मागा. आणि केवळ वंगणाचा डबा बघून थांबू नका. रंगाच्या मास्टरबॅचमध्येही (प्लास्टिकमध्ये घट्ट मिसळलेल्या रंगाच्या दाण्यांतही) झिंक स्टिअरेट असू शकतं, पॉलिप्रॉपिलीनच्या काही ग्रेडमध्ये कॅल्शियम स्टिअरेट असतं. पुरवठादाराला स्पष्ट विचारा. वंगण अजिबात न घातलेला एक नमुना काढाच, खरं-खोटं तिथेच कळतं.

वखारीतला भुसा उन्हात वाळवून भागत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि लगेच वापरा, कारण ओलीने अॅनहायड्राइडचं आम्ल होतं आणि ते कमी क्रियाशील असतं. एक्स्ट्रूडर, म्हणजे मिश्रण वितळवून डायमधून ढकलणारं यंत्र, २०० अंशांच्या खाली ठेवा. भुसा कॉस्टिक सोड्यात धुण्याच्या प्रक्रियेचा नाद सुरुवातीला नको. प्रबंधात ती शोभते, कारखान्यात धुवणाचं पाणी कुठे सोडणार?

मोड्युलस (मालाचा ताठपणा) बघून खूश होऊ नका, कपलिंगने तो फारसा बदलत नाही. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघा: तंतू स्वच्छ उपसून आले असतील तर बंध नाही, तुटले असतील तर आहे. इन्फ्रारेड वर्णपटात १७३५ सेमी⁻¹च्या आसपास शिखर दिसलं म्हणून एमएपीपी आणि लाकडाचा एस्टर बंध झाला, असंही धरू नका. लाकडातल्या हेमिसेल्युलोजचं शिखरही तिथेच येतं. आधी गरम झायलीनने मोकळं एमएपीपी धुऊन काढा.

सरांचं ऐकाच, पण एक्स्ट्रूडर चालवणाऱ्या भाईंकडे रोज बसा. मिश्रणात नेमकं काय पडतं हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. आकडे महिनाभर हलले नाहीत तरी धीर सोडू नका, वंगण बदललं की बहुतेकांचे हलतात.