ओट्यावरचा डिशवॉशर बसवताना: ताट, टाकी आणि नळ

डिशवॉशर बघायला दुकानात जाल तेव्हा घरातलं रोजचं एक ताट पिशवीत घालून न्या. दुकानदार हसेल, हसू दे. ओट्यावर मावणाऱ्या मशीनवर सहा किंवा आठ 'प्लेस सेटिंग' असं लिहिलेलं असतं, पण तो हिशेब साहेबी टेबलाचा असतो: प्लेटा, कपबश्या, काटे-चमचे. आपलं काठाचं ताट, दोन-तीन वाट्या आणि तांब्या त्यात धरलेले नसतात. खालच्या जाळीत ताट उभं करा, पाणी फवारणारा पंखा हाताने फिरवा, दार मिटून बघा. कुठे अडलं तर मॉडेल बदला.

जागेचं माप

ही मशीन साधारण ५५ सेंटीमीटर रुंद, ५० खोल आणि ४४ उंच असते. रिकामं वजन २० किलोच्या आसपास. आपला ओटा बहुधा दोन फुटी, म्हणजे ६० सेंटीमीटर. मागच्या पाइपांना पाच-सहा सेंटीमीटर सोडले तर मशीन बसते, पण काठोकाठ. शिवाय दार पुढे खाली उघडतं, म्हणजे ते ओट्याच्या बाहेर लोंबणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटाला लागणार. शेगडीला चिकटून मशीन ठेवू नका.

खरेदीआधी तेवढ्या मापाचं रिकामं खोकं ओट्यावर ठेवून दोन दिवस स्वयंपाक करा. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आणि भाकरी कुठं थापायची?" परात ठेवायला जागाच उरली नव्हती. शेवटी सिंकच्या पलीकडे ओट्याच्या उंचीचा लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला. कोल्हापुरात हे काम सोपं आहे. उद्यमनगरात माप दिलं की वेल्डिंग करून देतात. भांडी आणि पाणी धरून ४० किलो पेलेल असा सांगा आणि पायांना रबर लावून घ्या. घडीचं टेबल किंवा प्लायवूडची फळी नको.

टाकी किती उंच आहे?

याची चौकशी दुकानात कुणी करत नाही, आणि नेमकं इथंच आमचं अडलं. आम्ही राजारामपुरीत, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. मशीन जोडून देणारा माणूस आला, बटण दाबून दाखवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी मशीन पाच मिनिटांत पीं-पीं करायला लागली: पाणी येत नाही. नळ तर चांगला धो-धो वाहत होता. दोनदा तक्रार केली, दोनदा 'तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम' एवढंच उत्तर मिळालं. का ते सांगितलं आमच्या जुन्या प्लंबरने. गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "वैनी, मशीनला काय न्हाई झालेलं. टाकी डोक्यावर हाय, पर लई जवळ हाय."

त्यामागचं गणित सरळ आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे जवळपास १ बार दाब. या मशीनना बहुधा कमीत कमी ०.४ बार लागतो (नेमका आकडा पुस्तिकेत असतो), म्हणजे टाकीचा तळ नळापासून निदान ४ मीटर, तेरा-एक फूट वर हवा. वरच्या मजल्यावर ओट्याच्या नळापासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम ३ मीटर भरतात. खालच्या मजल्यावाल्यांना ही अडचण येत नाही, म्हणूनच शेजारणीची मशीन चालते आणि आपली रुसते. उपाय तीन: टाकीच्या खालच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप, टाकीचा कट्टा वाढवणं, नाहीतर ज्यात जगने पाणी ओतता येतं असं मॉडेल घेणं. भाड्याच्या घरात तिसरा उपाय उत्तम, भिंत फोडायला नको. आम्ही पंप बसवला.

महापालिकेच्या थेट लाइनवर मशीन जोडायचा मोह टाळा. ते पाणी वेळेवारी येतं, आणि पावसाळ्याचं विचारू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, तेव्हा सगळं शहर टँकरच्या मागे घागरी घेऊन उभं होतं. टाकीचंच पाणी बरं. सोलरचा गरम नळही जोडू नका. मशीन पाणी स्वतः तापवते, आणि बहुतेक मॉडेलना येणारं पाणी ६० अंशांच्या वर चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आपला सोलर ती मर्यादा सहज ओलांडतो.

नळ जोडणं

मशीनच्या पाइपाचं नट पाऊण इंची असतं आणि घरातला पॉइंट बहुधा अर्धा इंची. त्यामुळे अर्धा-पाऊणचा अँगल कॉक आधीच आणून ठेवा. फिल्टरही त्याच पॉइंटवर असेल तर टू-वे घ्या. जोडून देणारे लोक प्लंबिंग करत नाहीत, ते तयार पॉइंटवर पाइप लावतात फक्त.

मेन कॉक बंद करा. अँगल कॉकच्या भिंतीकडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना सगळी निघून येते. कॉक बसला की मशीन जोडण्याआधी दोन बादल्या पाणी सोडून द्या. आमच्या पहिल्या बादलीच्या तळाला चहाच्या गाळासारखा गाळ बसला होता. तो मशीनच्या जाळीत गेला असता तर पुन्हा पीं-पीं. मग पाइपाचं नट लावा. आत रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. हाताने घट्ट करा आणि पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर चिरतो.

सांडपाण्याचा पाइप सिंकच्या काठावर आकड्याने अडकवता येतो, किंवा सिंकखालच्या पाइपाला तोटी असेल तर तिथे क्लिप लावून जोडता येतो. दुसऱ्या प्रकारात पाइप आधी वर नेऊन मग खाली आणा, नाहीतर सिंक तुंबला की खरकटं पाणी मशीनमध्ये शिरतं. पहिल्या प्रकारात पाइपाचं टोक सिंकमधल्या पाण्यात बुडता कामा नये. ते पाणी चांगलं कढत असतं, मुलांचे हात लांब ठेवा.

विजेचं थोडक्यात. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि मिक्सरच्या बोर्डात तर मुळीच नको. घरच्या इन्व्हर्टरवर हा भार टाकू नका.

आता मशीन समपातळीत आणा. वर पाण्याची थाळी ठेवून बघा, पाणी एका कडेला सरकलं तर त्या बाजूचा पाय फिरवून उंच करा. मशीन तिरकी राहिली की दारातून गळते.

मीठ, पण जेवणातलं नव्हे

बोअरचं पाणी असेल, किंवा गीझर आणि बादलीवर पांढरा थर धरत असेल, तर मिठाचा कप्पा असलेलंच मॉडेल घ्या. काही छोट्या मॉडेलना तो नसतो. आतलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि मिठाचं पाणी ते रेझिन पुन्हा ताजं करतं. मीठ डिशवॉशरचंच हवं. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते इथे चालत नाहीत.

पहिल्यांदाच भरताना कप्प्यात आधी काठोकाठ पाणी ओता, मग नरसाळ्याने मीठ. पाणी उतू जाईल, जाऊ दे. पण लगेच एक रिकामी फेरी चालवा, कारण सांडलेलं खारं पाणी आतल्या स्टीलला खातं. या फेरीत नळ आणि पाइपांच्या जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. हाताला न लागणारी गळती कागदावर ओल्या ठिपक्यांत दिसते.

साबण म्हणून डिशवॉशरची पावडरच घ्या. गोळ्या मोठ्या मशीनच्या मापाच्या असतात, छोटीत त्या जास्त होतात. हाताने भांडी घासायचं लिक्विड चमचाभर घातलं तरी दारातून फेस येतो.

काय घालावं, काय नको

स्टील, काच, चिनीमाती बिनधास्त. पितळ, तांबं, चांदी, बिडाचा तवा, लाटणं-पोळपाट बाहेर. अॅल्युमिनियमची कढई आणि कुकर काळे पडतात. मोठी पातेली मावतच नाहीत, तेव्हा घरकामाच्या मावशींना नाही म्हणायची घाई करू नका.

ताटं आधी नळाखाली धुवायची गरज नाही, निपटून टाका. वाट्या उपड्या आणि जरा तिरक्या ठेवा, एकात एक नको. तांबड्या रश्शाचा कट कमी तापमानाच्या झटपट प्रोग्रामने नीट सुटत नाही, त्यासाठी ६५-७० अंशांचा प्रोग्राम लावा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यावरची हळद-चटणीची कडा मात्र त्यानेही जात नाही.

तळाची खरकटं अडवणारी जाळी आठवड्यातून एकदा काढून जुन्या ब्रशने घासा. मटण झालं की दुसऱ्या दिवशीच. आमच्या जाळीत मागच्या सोमवारी हाडाचा एक तुकडा, तमालपत्राचा देठ आणि मूठभर खोबऱ्याचा कीस निघाला.