साताऱ्याचा घाट पळायचा असेल तर उताराची तयारी आधी करा

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मी पहिल्यांदा गेले ती चढाची धास्ती घेऊनच. सांगलीत राहणाऱ्या माणसाला चढ माहीत नसतो. आमच्याकडे कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढून गणपती मंदिराच्या रस्त्याला लागलं की संपला चढ. त्यामुळे तीन महिने मी एकच ध्यास घेतला होता, चढायचं. जिने चढले, घाट चढले, मांड्या भरून येईपर्यंत चढले. उतरताना मात्र दर वेळी निवांत चालत उतरले, कारण उतार म्हणजे विश्रांती असं मी धरून चालले होते.

शर्यतीत एक तास सत्तावीस मिनिटांत मी अर्ध्यावरच्या वळणाला पोचले. सपाट रस्त्यावर माझी हाफ दोन तास वीस मिनिटांची, त्या मानाने हे फारच चांगलं होतं. परतीच्या वाटेवर यवतेश्वरचा उतार सुरू झाला आणि दोन किलोमीटरमध्ये मांड्या दगड झाल्या. सतराव्या किलोमीटरला तर पाऊल टेकलं की गुडघा आपोआप दुमडायचा. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाळा, कठड्याला धरून उतर." मी खरोखरच कठडा धरला. परतायला एक तास एकतीस मिनिटं लागली. चढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ मला उतरायला लागला होता.

पुढच्या वर्षी वळणाला एक एकतीसला पोचले आणि एक तास नऊ मिनिटांत परत आले. जायला चार मिनिटं जास्त लागली, पण येताना बावीस मिनिटं वाचली. या दोन शर्यतींच्या मधे मी काय बदललं ते इथे लिहिते आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे, कोच मी नाही. पण सपाट गावातून घाट पळायला जाणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उपयोगी पडेल, याची मला खात्री आहे.

आधी रस्ता समजून घ्या

पोलीस परेड ग्राउंडवरून निघून शहरातून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट, वर कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेनेच परत. एकूण २१.१ किलोमीटर. माझ्या घड्याळात एकूण चढ चारशे मीटरच्या पुढे दिसला.

घाट डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याशी जपून वागलं जातं. माझी फसगत शहरात झाली. परेड ग्राउंड ते समर्थ मंदिर हा भाग पहिल्या उत्साहात सपाट वाटतो, पण तो चढच आहे. त्यात ढोल-ताशे, रस्त्याकडेला लेझीम घेतलेली शाळेची पोरं, पुढेमागे हजारो माणसं. २०१२ पासून ही शर्यत होते आहे आणि २०१५ साली डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून तिची गिनेस बुकात नोंदही झाली, त्यावरून गर्दीचा अंदाज करा. त्या गर्दीत डावी-उजवीकडून वाट काढत पुढे जाण्यात जे पाय खर्च होतात, ते घाटात परत मिळत नाहीत. समर्थ मंदिरापर्यंत शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर तुम्ही जास्त जोरात आहात.

घाट संपला की चढ संपला असंही नाही. वर कासच्या बाजूला रस्ता खाली-वर होत राहतो, वारं समोरून येतं, धुकं असलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. वळून परत निघाल्यावरही घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत छोटे चढ आहेतच. "वळलो की उतारच" हे मनातून काढून टाका.

उताराने पाय का जातात

माळ्यावरून धान्याचं पोतं खाली उतरवून बघा. वर चढवताना हाताचा स्नायू आखडत जोर लावतो. हळूहळू खाली सोडताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच वजनही पेलत असतो. दुसऱ्या दिवशी हात दुखतात ते या सोडण्यामुळे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. त्यात दम लागत नाही, त्यामुळे शरीर धोक्याची सूचना देत नाही. स्नायूंचे सूक्ष्म तंतू आत दुखावत जातात आणि कळतं तेव्हा चार किलोमीटर शिल्लक असतात.

यातली चांगली गोष्ट अशी की स्नायू हे पटकन शिकतात. एकदा उतारावर पळून पाय भरून आले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढे दुखत नाहीत. म्हणजे शर्यतीच्या आधी दोन-तीनदा मुद्दाम पाय दुखवून घ्यायचे, पण योग्य वेळी. माझी शेवटची जोरदार उताराची धाव शर्यतीच्या अडीच आठवडे आधी असते. शेवटचे दहा दिवस उतार पूर्ण बंद.

सपाट गावात सराव

मी बारा आठवडे धरते. आठवड्यात तीन दिवस पळणं, दोन दिवस घरीच पायांचा व्यायाम. दुकान सकाळी साडेआठला उघडतं, त्यापेक्षा जास्त जमत नाही आणि लागतही नाही.

मंगळवारी पाच-सहा किलोमीटर आरामात. गुरुवारी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या. पण पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांची इशारा पातळी गाठायला निघाली की नदीकाठचं नाव काढायचं नाही. तेव्हा ओळखीच्यांच्या चार मजली इमारतीचा जिना. पूर्वी मी जिना मोजायचे तो चढण्यासाठी, आता मोजते उतरण्यासाठी: चढताना चालत, उतरताना प्रत्येक पायरीवर हलक्या पावलाने, कठड्याला हात न लावता, आवाज न करता. आवाज ही परीक्षा आहे. धप्प धप्प ऐकू आलं तर सगळा भार हाडांवर पडतोय. आठ फेऱ्यांपासून सुरुवात करून मी पंधरापर्यंत नेते.

रविवारी लांब पळणं, आणि दोन रविवारांतून एकदा डोंगर. आम्हाला मिरजेच्या पलीकडचा दंडोबा जवळ पडतो. शर्यतीआधी दोनदा पन्हाळा, वाघबीळपासून वर आणि परत. पुण्याच्या मैत्रिणी सिंहगड किंवा बोपदेव घाट करतात, मुंबईच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीचा रस्ता धरतात. कुठेही करा, पण उतरताना गाडीत बसून खाली येऊ नका. खरा सराव त्याच भागात आहे.

घरातल्या व्यायामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या प्रकाराचा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश, पाच आकडे मोजत, खाली जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं. गुडघा आत झुकता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. हे आरशासमोर करा. माझा डावा गुडघा आत जातो हे मला आरशाने दाखवलं. एका पायाचे दहा, असे तीन वेळा. भाजी शिजेपर्यंत होतं.

उतरायचं कसं

पन्हाळ्याला आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या मागून मी उतरत होते. साठी ओलांडलेले, पण त्यांच्या बुटांचा आवाजच येत नव्हता. त्यांच्या पावलांकडे बघून मी शिकले. पाऊल छोटं, पण झटपट. पाय शरीराच्या पुढे लांब टाकून टाचेवर ब्रेक लावायचा नाही, पाऊल जवळजवळ कमरेखालीच पडलं पाहिजे. गुडघा किंचित वाकलेला. अंग मागे रेलायचं नाही. भीतीने आपण मागे रेलतो, आणि रेललं की टाच आपटते आणि सगळा झटका गुडघ्याला बसतो. हात जरा बाजूला सुटे, तोलासाठी. नजर पायाशी नाही, दहा-बारा फूट पुढे.

रस्ता ओला असणारच. रंगवलेले पांढरे-पिवळे पट्टे ओले झाले की निसरडे होतात, त्यांच्यावर पाय देऊ नका. कठड्याच्या कडेला शेवाळ असतं. वळणावर अगदी आतून कापायला गेलं तर उतार सगळ्यात तीव्र तिथेच असतो, थोडं बाहेरून घ्या.

बुटाची नाडी उतारासाठी वेगळी बांधावी लागते. नाहीतर पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखं काळी पडतात. बुटाला घोट्याजवळ एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामं सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात ओवून छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फाशातून काढा, तसंच उलट बाजूनेही, मग ओढून गाठ मारा. टाच जागेवर पक्की बसते. आठवडाभर आधी नखं कापा, आदल्या रात्री नको. बूट नवे नकोत, मोजेही नवे नकोत. पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन लावा.

गोळ्यांबद्दल कळकळीने

शर्यतीच्या आधी दुकानात येऊन "पळताना दुखू नये म्हणून एक गोळी द्या" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. मी देत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. आधीच अंगातलं पाणी कमी झालेलं, स्नायू दुखावलेले, त्यात ही गोळी म्हणजे किडनीवर तिहेरी भार. शिवाय दुखणं हीच तर खूण असते, कुठे थांबायचं याची. ती झाकून उतार पळू नका. ज्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे त्यांची साखर पळताना झपकन उतरू शकते. त्यांनी आणि बीपीवाल्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायलाच हवं.

पाण्याचंही तसंच. थंड, ढगाळ हवेत फार तहान लागत नाही. तरी धास्तीने प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्या, मधे एकदा-दोनदा ओआरएस घ्या. मी खिशात चार बिया काढलेले खजूर ठेवते. घाट चढून झाल्यावर दोन, वळणाजवळ दोन. आदल्या रात्री साधा वरणभात, सकाळी तूप-गूळ लावलेली पोळी, चहा, आणि निघायच्या तासभर आधी एक केळं. मिसळ शर्यतीनंतर.

घाटात चाला

घाट लागल्यावर मी तीन मिनिटं पळते, एक मिनिट चालते. पहिल्या चढापासूनच, दम लागायची वाट न बघता. पहिल्या वर्षी चालणं मला कमीपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारून पळत गेलेले कितीतरी जण मला वर थांबलेले दिसले. चालताना पाठ ताठ, हात जोरात, पाऊल छोटं. घड्याळातला वेग बघू नका, श्वास बघा. माथ्यावर पोचल्यावर मांड्यांमध्ये जीव शिल्लक आहे, असं वाटलं पाहिजे.

वळल्यावर लगेच सुसाट सुटू नका. घाटाच्या उताराचे पहिले पाचशे मीटर मुद्दाम आवरून उतरा, पावलांची लय बसू द्या, मग सोडा. समर्थ मंदिरापासून खाली शहरात लोक हाताला टाळी देतात, "चला ताई, आलंच आता" म्हणतात, तिथे जो जोर लावायचा तो लावा.

नंतरचे तीन दिवस

शेवटची रेषा ओलांडल्यावर बसू नका, वीस मिनिटं चाला. ओले कपडे लगेच बदला. सांगलीपर्यंतच्या गाडीत मी तासाने एकदा उभी राहते, नाहीतर उतरताना पाय सरळ होत नाहीत. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, हे धरून चला. पहिल्या वर्षी मी मंगळवारी दुकानाचा जिना पाठमोरी उतरत होते. जोरात मालीश करून घेऊ नका, दुखावलेले तंतू आणखी दुखावतात. रोज अर्धा तास सपाटीवर चालणं पुरतं. मात्र लघवी कोल्ड्रिंकसारखी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा, कारण फुटलेल्या स्नायूंमधलं प्रथिन किडनीत अडकत असल्याची ती खूण असू शकते.

दुसऱ्या वर्षी मी कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सोमवारी सकाळी साडेआठला दुकान उघडलं. सगळ्यात खालच्या फळीवर ओआरएसची पाकिटं असतात. पहिल्याच गिऱ्हाइकाने तीच मागितली, आणि मी वाकून काढून दिली.